जिथून आवाज खणखणीत यायचा

आमच्या घरात वजनकाटा नाही. लोकांना याचं हसू येतं, कारण आमचे हे आयुष्यभर काटेच दुरुस्त करत फिरले. काटे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ते फिरते मेकॅनिक होते. धान्याची कोठारं, लोकरीच्या गिरण्या, दगडाच्या खाणी, औषधांचे कारखाने, जिथे कंपनीचा काटा बसवलेला असेल तिथे वर्षातून एकदा तरी ह्यांची फेरी असे. सोबत एक चामड्याची पेटी, आत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने निजलेली. त्या वजनांना उघड्या हाताने शिवायची आम्हाला बंदी होती. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. घरात एखादा साधा काटा आणू या असं मी लग्नानंतर एकदा सुचवलं, तर म्हणाले, "आणि मग सुट्टीच्या दिवशी मी काय करू? त्याच्याशी बोलत बसू?"

काटा तपासायची त्यांची एक पद्धत होती. काट्याच्या पारड्याच्या मधोमध वजन ठेवलं की लबाड काटासुद्धा खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधी चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघत, मध्यभागी सगळ्यात शेवटी. ही सवय घरातही शिरली. नवी खुर्ची आणली तर चारही कडांवर बसून बघायचे. मुलीने लग्न ठरवलं तेव्हा होणाऱ्या जावयालाही त्यांनी तसंच तपासलं. एकदा जेवताना, एकदा पत्त्यांत हरवून, एकदा मुद्दाम स्टेशनवर ताटकळत ठेवून आणि एकदा आमच्या न्हाणीघराचा तुंबलेला पाइप साफ करायला लावून. जावई चारही कोपऱ्यांवर बरोबर उतरले. पत्त्यांत हरल्यावर थोडे फुगले होते, पण काट्याला तेवढी सूट कंपनीसुद्धा देते, असं हे म्हणाले.

मुलीचं घरातलं नाव भिंगरी. पाळण्यात असतानाही तिचे पाय एका जागी नसायचे. ती लहान होती तेव्हा हे महिन्यातले बरेच दिवस बाहेर असत आणि घरात त्यांचा आवाज तेवढा येई. बोळकांडीत एका स्टुलावर काळा फोन होता, जड, रिसिव्हर कानाला लावला की कान थंड पडायचा. दिवेलागणीच्या सुमाराला तो वाजला की भिंगरी आणि मी दोघीही धावायचो. ती नेहमी जिंकायची, पण बोलायची पाळी आधी माझी, असा नियम होता.

प्रत्येक गावाहून त्यांचा आवाज वेगळा यायचा. कोळशाच्या खाणीच्या गावाहून ते विहिरीत उतरून बोलताहेत असं वाटे. बंदरावरून बोलले की मध्ये मध्ये शिट्टी ऐकू येई, आणि ती शिट्टी बोटीची की तारेची हे कधीच कळलं नाही. सरहद्दीकडच्या एका गावाहून तर दुसऱ्याच लोकांचं बोलणं आमच्या फोनमध्ये मिसळायचं. एकदा दोन व्यापाऱ्यांचं भांडण लागलेलं आम्हाला इतकं स्पष्ट ऐकू आलं, की आम्ही नवराबायको गप्प राहून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग वेळ संपत आली तेव्हा हे घाईघाईने म्हणाले, "त्या जाड्या आवाजाच्या माणसाचं खरं होतं, नाही का गं?" त्या दिवशी त्यांनी माझी तब्येतसुद्धा विचारली नाही.

पण तळ्याकाठचं एक गाव होतं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये तळं आणि तळ्याच्या कडेला लोकरीची मोठी गिरणी. हे गिरणीच्या कचेरीतून फोन करत. तिथून आवाज असा यायचा, की हे शेजारच्या खोलीत बसलेत आणि दार तेवढं लोटलेलं आहे. चहाच्या कपात चमचा फिरवला तरी मला ऐकू यायचं.

"साखर दोनदा घातलीत ना?"

"तुला कसं कळलं?"

"दोनदा ढवळलंत."

"अगं, इथला चहाच फिका असतो."

"मग परवापासून आणखी फिका मिळेल. घरी या."

तिथून फोन आला की भिंगरीचे पाढे व्हायचे. बाकीच्या गावांहून 'सतरा सक' नीट ऐकू येत नसे आणि ती त्याचा फायदा घेऊन काहीही ठोकून द्यायची. तळ्याच्या गावाहून मात्र तिची डाळ शिजत नसे. स्टुलावर उभी राहून, फोनची गुंडाळलेली वायर बोटाभोवती फिरवत ती सतराचा पाढा म्हणायची. मध्येच अडली की पलीकडून काहीच आवाज येत नसे. हे वाट बघत बसायचे. ट्रंक कॉलचा एक एक क्षण मोलाचा असताना हा माणूस गप्प बसून राही. माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी ती बरोबर उत्तर द्यायची आणि तिकडून नुसतं "हं" यायचं. त्या "हं"साठी ती आठवडाभर पाठ करत असे.

आता भिंगरी गणित शिकवते. आजारामुळे किंवा अपघातामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी एक शाळा आहे, तिथे. मूल घरी किंवा रुग्णालयात अंथरुणावर, भिंगरी तिच्या टेबलापाशी, मध्ये लॅपटॉपचा पडदा. जावई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. दोघांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली, बाकं काढून टाकली, आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल, वर सौर पॅनेल असं सगळं बसवलं आणि एके दिवशी जेवताना आम्हाला सांगितलं, की आता आम्ही या गाडीतच राहणार, देश बघत फिरणार आणि गाडीतूनच काम करणार.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ब्रेकचं काय, दाराची कडी आतून लागते का, रात्री कोणी काच ठोठावली तर, ताप आला तर, मी एका दमात सगळं विचारलं.

"आई, तू श्वास घे," भिंगरी म्हणाली.

हे मात्र शांतपणे जेवत होते. मग त्यांनी विचारलं, "शाळेला चालणार आहे?"

तिथेच सगळं अडलेलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तीन महिन्यांची मुभा दिली होती. त्यात इंटरनेट तुटल्यामुळे एखादा तास बुडाला तर समजून घेऊ, दुसरा बुडाला तर गाडी विकायची आणि इथे आमच्याच गावातल्या शाळेच्या इमारतीत येऊन बसायचं. बाईंचं चुकत नव्हतं. ही मुलं दिवसभर त्या एका तासाची वाट बघत असतात.

"म्हणजे मुख्य गोष्ट इंटरनेटची," हे म्हणाले. "ते माझ्यावर सोपवा. गाडीला काय बसवायचं ते मी बघतो. माझ्याकडून भेट."

निवृत्त झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पाहिलं नव्हतं. भिंगरीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने भाजीकडे, आणि ठरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका होता. त्याने तीन प्रकार समोर मांडले. पहिला, फोनमधलंच इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं, सगळ्यात स्वस्त, पण फोन तापतो आणि कमकुवत जागी दम टाकतो. दुसरा, गाडीत बसवायचा राउटर, त्यात दोन सिमकार्डांना दोन खण आणि गाडीच्या छतावर अँटेना. तिसरी, उपग्रहाची थाळी.

"थाळी घ्या काका, निर्धास्त व्हाल," दुकानदार म्हणाला. "रानात, वाळवंटात, कुठेही चालते."

"झाडाखाली?"

"झाडाखाली नाही. आभाळ मोकळं लागतं."

"आणि ऊन असलं तर माणूस गाडी कुठे लावतो?"

दुकानदार हसला. "झाडाखाली."

"बॅटरी किती खाते?"

"खाते जरा."

"जरा म्हणजे माझ्यासारखी की जावयासारखी?"

जावई म्हणाले, "बाबा, मी इथेच उभा आहे."

थाळी मागे पडली. राउटर ठरला. आता सिमकार्ड कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न राहिला. जावई म्हणाले, "दोन खण आहेत, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घालू या. एक नाही चाललं तर दुसरं चालेल." दुकानदारानेही मान डोलावली.

ह्यांना ते पटलं नाही. "एकच माल दोन काट्यांवर तोलला की भांडण सुरू होतं. एकच घ्यायचा, पण खरा." आणि त्यांनी ज्या कंपनीचं नाव घेतलं ती म्हणजे आमच्या बोळकांडीतल्या काळ्या फोनची कंपनी. तिचे खांब, तिच्या तारा, तिचं ते एक्स्चेंज, जिथली बाई ह्यांचा आवाज ओळखायची. आता ती कंपनी मोबाइलही चालवते. हे म्हणाले, "ज्यांनी डोंगर ओलांडून तारा नेल्या, त्यांना टॉवर उभे करणं काय अवघड? कालची आलेली पोरं नाहीत ती."

मी काय करायला हवं होतं ते आज कळतं, पण तेव्हा मीही ह्यांचीच बाजू घेतली. त्या कंपनीनेच मला इतकी वर्षं नवऱ्याचा आवाज घरपोच दिला होता. तिच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणजे माहेरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

राउटर बसवल्यावर गाडी आमच्या दारापुढे उभी राहिली आणि हे तपासायला आत शिरले. बबल-लेव्हल लावून आधी गाडी सपाट उभी आहे का ते पाहिलं. जावयांनी दबक्या आवाजात विचारलं, "इंटरनेटला उतार चालत नाही का?" मग पलंगाच्या कोपऱ्यात, शेगडीच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या सीटवर, मागच्या दाराशी, असे चारही कोपरे झाले. प्रत्येक कोपऱ्यात बसून त्यांनी मला स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल केला. मी पीठ लागलेल्या हाताने चारही वेळा उचलला. सगळीकडून चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. ह्यांनी समाधानाने मान हलवली.

मग मुक्काम कुठे करायचे ते ठरू लागलं. सगळे नकाशा उघडून बसले. नकाशा नावापुरताच, कारण हे डोळे मिटून गावं सांगत होते आणि मी त्यावर मत देत होते.

"खाणीचं गाव?"

"नको. तिथून तुम्ही विहिरीतून बोलायचात."

"सरहद्द?"

"तिथे पोरीच्या तासात कोणीतरी दुसराच बोलेल."

"आणि तळ्याचं गाव?"

"अहो, तळ्याचं गाव म्हणजे काय! तिथे तर डोळे मिटून जावं."

दोघं किती वेळ असं बोलत होतो कोण जाणे. एका एका गावावरून एकेक गोष्ट निघत होती. ह्यांना कुठल्या तरी गावच्या खानावळीच्या मालकिणीने रात्रभर गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या खोलीत झोपवलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. भिंगरी हनुवटी तळहातावर ठेवून ऐकत होती. "तळ्याच्या गावाहूनच तुम्ही माझे पाढे घ्यायचात ना? मग पहिला मोठा मुक्काम तिथेच," असं ती म्हणाली. सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे ते गाव आलं. आमच्यापैकी तिघांनी ते पाहिलेलं नव्हतं, एकाने पाहून पुष्कळ वर्षं झाली होती. पण त्या दिवशी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

गाडी निघाली. मी फाटकाशी उभी राहून हात हलवला आणि आत येऊन ब्रेकबद्दल विचार करत बसले.

सुरुवातीचे दिवस ठीक गेले. मुक्काम मोठ्या रस्त्यालगत होते. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि मी आधी दाराच्या कडीचं विचारायचे. मग ती दोघं तळ्याच्या गावाकडे वळली. तासाच्या दिवशीच सकाळी पोहोचायचं ठरवलं, कारण तिथे आवाजाचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. भिंगरीचा आवाज तुटक येत होता, मागे वारा घोंघावत होता.

"आई, बाबा जवळ आहेत का? त्यांना देऊ नकोस."

पण हे माझ्या समोरच होते आणि त्यांनी फोन काढूनही घेतला होता.

"काय झालं?"

"काही नाही बाबा."

"भिंगरे."

मग ती म्हणाली, "खाली गावात काहीच येत नाही, बाबा. सिग्नलची एक काडीसुद्धा नाही. आम्ही तळ्याच्या सगळ्या बाजूंनी फिरलो. मग घाट चढून वर आलो, तोवर तास संपून गेला होता."

"गिरणीपाशी गेलात का? गिरणीच्या कचेरीपाशी उभी राहा, तिथून..."

"बाबा, गिरणी बंद आहे. छप्पर उडालंय. आत झाडं उगवलीत."

"मग तिथला फोन?"

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुमचा फोन तारेवरून यायचा ना. हे टॉवरवरून, हवेतून येतं. गावाभोवती सगळे डोंगर आहेत. खाली पोहोचतच नाही."

ह्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "मूल कोण होतं?"

"पायाला प्लास्टर घातलेला तो मुलगा. त्याच्या आईने सांगितलं, तो पडद्यासमोरून हललाच नाही. मॅडम येतील म्हणून वही उघडून बसला होता. आज अपूर्णांक घ्यायचे होते."

"बाईंनी?"

"बाईंनी नोंद केली. एक झाला."

फोन ठेवून हे खुर्चीत बसले. मी म्हटलं, चूक दोघांची आहे, मीच तर डोळे मिटून जा म्हणाले. तर म्हणाले, "तू ऐकत होतीस ते खरंच होतं. मी काय तपासलं? गाडी आपल्या दारात उभी करून तपासली. मधोमध वजन ठेवलं आणि काटा खरा म्हणून शिक्का मारला." त्यांचा चेहरा असा झाला होता की चहा देतानाही मी कपाचा आवाज होऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या वरून त्यांची फिरतीची बॅग खाली आली. बॅगेचं तोंड उघडल्यावर मशीनच्या तेलाचा वास खोलीभर पसरला. इतकी वर्षं तो आत तसाच बसून होता.

"हे काय?"

"पुढचा मुक्काम नदीच्या फाट्यावर आहे. मी आधी जाऊन बघून येतो."

"अहो, गुडघा! रक्तदाब! तुम्ही आता साठी ओलांडलीत!"

"बसने जातोय. बस काय मी ओढणार आहे?"

"आणि तिथे जाऊन करणार काय?"

त्यांनी तीन फोन दाखवले. एक त्यांचा, एक माझा जुना, तुटक्या काचेचा, आणि एक शेजारच्या शिंपीणबाईंकडून मागून आणलेला. तिन्हींत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं. जुन्या तारांची कंपनीही त्यांत होतीच, तिला वगळणं त्यांना जमलं नाही. मी डोळे मोठे केले, पण डबा भरून दिला. इतकी वर्षं भरून दिलेला डबा, हाताला आठवत होता.

त्यानंतर ते त्या दोघांच्या एक मुक्काम पुढे राहून फिरू लागले. गाडी जिथे थांबणार तिथे हे आदल्या दिवशी बसने पोहोचत. मैदानाच्या चारही कोपऱ्यांत, झाडाखाली आणि उघड्यावर, सकाळी आणि शाळेच्या तासाच्या वेळी, तिन्ही फोन घेऊन उभे राहत. मग भिंगरीला कळवत, गाडी दक्षिणेच्या कुंपणाशी लाव, तोंड रस्त्याकडे कर. भिंगरी आधी वैतागली. "बाबा, असं किती दिवस करणार? मी काय लहान आहे?" तिला वाटत होतं, बाबा स्वतःला शिक्षा करून घेताहेत. जावयांनी तिला समजावलं, की बाबांना ही शिक्षा फार आवडलेली दिसते.

मला ते रोज फोन करत. आता व्हिडिओ कॉल. पण हयातभर रिसिव्हर कानाला लावायची सवय, त्यामुळे फोन उचलला की मला पडद्यावर ह्यांचा कान दिसायचा. पूर्ण पडदाभर कान, पांढऱ्या केसांसकट.

"अहो, फोन समोर धरा."

"मग ऐकू कसं येणार?"

"तुम्ही मला दिसत नाही आहात."

"तू मला ऐकू येतेस की. बास झालं."

शेवटी मी त्यांच्या कानाशीच बोलू लागले. तोही मला ओळखीचा झाला. त्यांना सर्दी झाली की तो लाल व्हायचा.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यांत मला तिघांचीही काळजी होती, पण घर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटत होतं. दिवेलागणीला मी कामं आवरून फोनजवळ बसायचे. आज कुठून बोलणार, काय खाल्लं, कुठे झोपणार. एका गावात ज्या कारखान्यात ते काटा तपासायला जायचे तिथला म्हातारा पहारेकरी त्यांना अजून ओळखत होता. एका गावात कोणीच नव्हतं. ते सांगताना कान जरा वेळ पडद्यावरून दूर गेला, खिडकीतला दिवा दिसला आणि मग कान परत आला.

फिरता फिरता त्यांना एक गोष्ट पटली. कोणतीच एक कंपनी सगळीकडे खरी नाही. खाणीच्या गावात, जिथून ते विहिरीतून बोलायचे, तिथे आता सगळ्यात नवी कंपनी सगळ्यात जोरात होती. नदीच्या फाट्यावर जुनी कंपनी बरी. एका ठिकाणी दोन्ही ठीक, पण संध्याकाळी लोक घरी परतले की एक मंदावायची. एका मुक्कामी गाडी येईपर्यंत थांबून त्यांनी स्वतःहून भिंगरीच्या राउटरच्या दुसऱ्या खणात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं. जावयांनी त्यांना विचारलं नाही की दोन काट्यांचं भांडण लागलं तर काय, आणि ह्यांनी त्याबद्दल त्यांचे मनातल्या मनात आभार मानले असणार. राउटर असा लावून ठेवला, की एक पडलं की आपोआप दुसरं धरायचं. अँटेना छताच्या पुढच्या टोकाकडे सरकवली, कारण मागे सौर पॅनेलचा लोखंडी सांगाडा आड येत होता. आणि एक नियम झाला. तास असेल त्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचायचं, आवाज कितीही चांगला ऐकिवात असला तरी.

तीन महिने संपायला थोडेच दिवस राहिले असताना ती दोघं एका पठारावर होती. त्या मुक्कामी हेही गाडीत राहिले होते, कारण पुढची बस चुकली होती. भिंगरीचा तास सुरू होता, तोच प्लास्टरवाला मुलगा. मध्येच जोराचं वादळ आलं. भिंगरीने नंतर मला सांगितलं, पडद्यावर मुलाचा चेहरा थिजला. हात वर, तोंड अर्धं उघडं. तिने बोलणं थांबवलं नाही. राउटरवरचा एक दिवा विझला. बाबा पुढच्या सीटवर होते, त्यांनी दोन्ही हातांनी सीटची पाठ घट्ट धरली होती. आणि मग दुसरा दिवा लागला आणि मुलगा हलला.

"मॅडम, तुम्ही मध्येच गप्प का झालात?"

"तू विचार करत होतास ना," भिंगरी म्हणाली. "मी वाट बघत होते."

मुलाने उत्तर दिलं, बरोबर होतं. पुढच्या सीटवरून नुसता सुस्कारा आला.

मुदत संपली त्या दिवशी हे घरी आले होते. दाढी वाढलेली, उन्हाने रापलेले, बॅग हातात. आंघोळ होते न होते तोच भिंगरीचा फोन आला. बाईंनी बोलावून घेतलं होतं. म्हणजे पडद्यावरच. नोंदीत एकच तास बुडालेला होता. शाळेने तिला पुढेही गाडीतून शिकवायची परवानगी दिली होती, आणि आता मुदतीची अट नव्हती.

मी ओरडलेच. ह्यांनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं आणि लगेच विचारलं, "पुढचा मुक्काम कुठे?"

"आम्ही समुद्राच्या बाजूने वर जाणार आहोत बाबा, अगदी टोकापर्यंत. आणि बाबा, आता तुम्ही पुढे जायची गरज नाही. आम्हाला जमतंय. तुम्ही शिकवलंत तसं आम्हीच आदल्या दिवशी चारही कोपरे बघतो."

"हो, हो. अर्थातच."

"रागावलात का?"

"नाही गं. तुम्हाला जमतंय म्हटल्यावर मी कशाला?"

मग मी विचारलं, "आणि घरी कधी येणार?"

"आई, वर्षभरात एकदा तरी नक्की. कदाचित आधीही."

फोन ठेवला. हे बॅग रिकामी करू लागले. तिन्ही फोन काढून टेबलावर ठेवले, शिंपीणबाईंचा वेगळा केला, परत द्यायला. मी भिंगरीच्या खोलीत गेले. आदल्या दिवशी मी तिथले पडदे धुऊन वाळत घातले होते. गाडी विकून ती परत आली तर खोली तयार असावी म्हणून. हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं. पण ते माझ्या मागून आले आणि दारात उभे राहिले. खिडकी उघडी होती, पडद्यांवाचून खोली नको तेवढी मोठी दिसत होती.

"नोकरी टिकली," मी म्हटलं.

"टिकली."

"म्हणजे ती आता येत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोरीवरचे पडदे काढून आणले आणि बाजूचं स्टूल ओढलं.

"लावू या तरी," ते म्हणाले. "दुपारचं ऊन थेट पलंगावर येतं. रंग उडेल चादरीचा."

मी स्टुलावर चढले. ते खालून एक एक कडी देत राहिले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझा घोटा धरून ठेवला होता, मी पडू नये म्हणून.